राहणार तुर्भे

"तुम्ही काय करत होता?" असं कोणी विचारलं की मी अजूनही "हॉस्पिटलच्या लाइनमध्ये होते" असं गुळमुळीत उत्तर देते. समोरची बाई म्हणते, "नर्स का?" नाही. "मग लॅबमध्ये?" तेही नाही. शेवटी सांगावंच लागतं की मी कॅन्सरचे रुग्ण मोजत होते. एवढं ऐकलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारची खुर्ची हलकेच सरकते. माझी भाची लहान असताना वर्गात सांगून आली होती, "माझी मावशी कॅन्सर गोळा करते." घरात सगळे पोट धरून हसले. पण खरं सांगते, आमच्या कामाची इतकी नेमकी व्याख्या आमच्या साहेबांनाही कधी जमली नाही.

काम सांगायला सोपं आहे. एखाद्या भागात वर्षभरात कॅन्सरचे नवे रुग्ण किती झाले ते शोधायचं आणि तिथल्या लोकसंख्येशी ताडून लाखामागे किती, ते काढायचं. मग हा जिल्हा तो जिल्हा, हा विभाग तो विभाग अशी तुलना. नकाशावर प्रमाण जास्त तिथे गडद रंग, कमी तिथे फिका. आकडेमोड करणारे लोक वेगळे, एसीत बसणारे. माझ्याकडे होती पायपीट. हॉस्पिटलांच्या रेकॉर्ड रूम, लॅब, महापालिकेतलं मृत्यूनोंदणीचं टेबल, आणि जिथे शंका असेल तिथे रुग्णाचं घर.

नकाशा बघून लोक काय वाट्टेल ते बोलतात. गडद रंग दिसला की "तिथलं पाणीच वाईट", फिका दिसला की "बघा, गावाकडची हवा!" असंही असतं कधी कधी, नाही असं नाही. कुठे तंबाखू जास्त, कुठे कारखाने. पण आधी तिथल्या लोकांचं वय बघावं लागतं. करंजाड्याच्या नव्या वसाहतीत, जिथे मी आता राहते, सगळी नवी जोडपी. म्हातारी माणसं कमी, म्हणून आजारही कमी दिसतो. तो फरक वयाचा हिशेब लावून सरळ करता येतो. जे सरळ करता येत नाही ते वेगळंच. ज्या घरात दिवा मोठा, त्या घरातली धूळ जास्त दिसते. नवी मुंबईतल्या वाशी-नेरुळच्या बायका वर्षातून एकदा तपासणी करून घेतात, म्हणून त्यांच्यातला आजार सापडतो, मोजला जातो, रंग गडद होतो. जिथे कोणी तपासायलाच जात नाही, तिथला नकाशा धुतल्या तांदळासारखा.

नेरुळच्याच एका सोसायटीत मी पत्ता पडताळायला गेले होते. दिवस संक्रांतीचे. दार उघडणारी बाई तीच, जिच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं, आणि आत हॉल बायकांनी भरलेला. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र तिने झटकन माझ्याच पदराखाली सरकवलं आणि मोठ्याने म्हणाली, "अय्या, आलीस का! आई, ही माझी कॉलेजची मैत्रीण." सासूबाईंना सुनेच्या आजाराचा पत्ताच नव्हता, गाठ होती, काढली, एवढंच त्यांना सांगितलेलं. मला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची चाळणी दिली आणि नाव घ्यायला लावलं. आमच्या बौद्धांच्या घरी हळदीकुंकू होत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती. मी नवऱ्याचं नाव कसंबसं यमकात बसवलं, टाळ्याही मिळाल्या. मग मसाला दूध ओतायच्या निमित्ताने ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, आणि तिथे मिक्सर चालू ठेवून मी तिला विचारलं की आजाराचं निदान कधी झालं आणि ती इथे किती वर्षं राहते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्याशी उभी राहून ती बाई कुजबुजत उत्तरं देत होती. खाली उतरल्यावर हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली.

ती लाज तशी रोजचीच. कारण आमच्या धंद्यात रुग्ण सापडला की बरं वाटतं. महिनाभर हुलकावणी देणारं नाव एखाद्या लॅबच्या रजिस्टरात दिसलं की मी मनातल्या मनात "सापडला!" म्हणायचे. दुसऱ्याच्या घरावर दुःखाचा डोंगर, आणि मी चहा प्यायला जायची, खुशीत.

आमच्या कामात एक प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: गेल्या वर्षभरापासून तुम्ही कुठे राहता? उपचारासाठी लोक भाचीकडे, पुतण्याकडे येऊन राहतात. ते इथे मोजले तर नवी मुंबईचा आकडा फुगेल आणि त्यांच्या जिल्ह्याचा आकसेल. म्हणून निदान होण्याआधी किमान एक वर्ष जिथे राहणं, तिथली नोंद. नेरुळला लागून असलेल्या शिरवण्यातल्या एका म्हाताऱ्या आजोबांना मी हाच प्रश्न विचारला तेव्हा ते खाटेवर उठून बसले. "बाय, मी हितंच जन्मलो, हितंच मरनार. माजं मिठागर होतं तवा तुमचं नेरुळ स्टेशन कुनाच्या सपनात पन नवतं. आनि तू मना इचारतेस, एक वरीस राहिलाव का?" त्यांनी मला ओल्या खोबऱ्याची वडी खायला लावली आणि ती खाऊन होईपर्यंत उत्तर दिलं नाही.

हे सगळे किस्से मी हसत हसत सांगते. तुर्भ्याचं मात्र हसत सांगता येत नाही.

तुर्भ्याला कारखान्यांच्या आणि गोदामांच्या मागे कामगारांच्या वस्त्या आहेत. आमच्या मराठवाड्यातली माणसं तिथे पुष्कळ. माझे वडीलही बीडकडचे. मी लहानपणी इकडे आले आणि शिकले, एवढाच फरक. तिथल्याच एका बाईची ही गोष्ट. तिला विचारून लिहिते आहे. नाव बदललंय, आणि "शोभा लिवा, मला लय आवडतं," हे तिनेच सांगितलंय.

पहिल्यांदा ती मला हॉस्पिटलच्या बाकावर भेटली. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर. ट्रकवर माल चढवायचं काम करणारा गडी, खांदे अजून तसेच भरलेले, पण जबडा बांधलेला, बोलता येत नव्हतं. केसपेपरवर पत्ता परभणी जिल्ह्यातल्या एका गावाचा, कारण रेशनकार्ड तिथलं, आणि फुकट उपचारांच्या सरकारी योजनेला तेच कार्ड लागतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"गावाकडंच राहतो की आमी," शोभा म्हणाली.

आता गंमत अशी की दोनच मिनिटं आधी ती शेजारच्या बाईला सांगत होती, "लवकर सोडलं तर बरं, संध्याकाळचं पाणी यायच्या आत घरी पोचायचंय." परभणीच्या गावात पाणी भरायला ती संध्याकाळपर्यंत कशी पोचणार होती? मी ओळखलं. या वस्तीतली सगळीच माणसं असं सांगतात. त्यांना भीती असते की राहायचं तुर्भ्याला आणि कार्ड गावचं, हे उघडं पडलं तर कार्डही जाईल आणि उपचारही. मी तिला समजावलं, "ताई, आमची नोंद योजनेच्या खिडकीवर जात नाही. आमचं खातंच वेगळं. खरं सांगितलं तरी काही होणार नाही."

तिने माझ्या ओळखपत्राकडे पाहिलं, आडनाव वाचलं, हात जोडले. "जय भीम, ताई. तुमी आपल्याच हाव. पन आमी गावाकडंच राहतो."

कार्ड आणि तोंडचं उत्तर जुळलं की घरी जाऊन पडताळणी करायची गरज नसते. मी परभणी लिहिलं. तुर्भ्याची शेकड्याने माणसं आम्ही अशीच जालना, परभणी, बीड, कुठे कुठे वाटून टाकली. पदरचं काही घालायचं नाही, हा आमचा पहिला धडा. आणि माझ्या नोंदी स्वच्छ असतात असं साहेब चारचौघांत म्हणायचे. मी चूक केली असती तर बरं झालं असतं. चुकीला निदान माफी मागता येते.

पुढे काही वर्षांनी तुर्भ्याच्या बायकांनी अर्ज केला की आमच्या वस्तीत तपासणीची गाडी पाठवा. तोंड, छाती, गर्भाशयाचं मुख तपासणारी गाडी असते, डॉक्टर, नर्स सगळं तिच्यातच. गाडी एकच, मागणारे अनेक. तेव्हा आधी कुठे पाठवायची हे नकाशा बघून ठरतं. आमचे डॉक्टरसाहेब उत्तरेकडचे, मराठी जेमतेम. म्हणून बायकांना समजावून सांगायला मला पुढे केलं. रविवारी, वस्तीतल्या विहारात वंदना झाल्यावर सभा भरली. मी नकाशा भिंतीला लावला आणि वाशीचा गडद रंग दाखवून म्हणाले, "तुमच्या भागात प्रमाण कमी आहे. म्हणून गाडी आधी तिकडे जाईल."

आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना आनंद झाला हो! प्रमाण कमी आहे म्हणजे आपलं बरं चाललंय, असंच कोणालाही वाटणार. एक आजीबाई तर पुढे येऊन माझ्या गालावरून बोटं मोडून गेल्या, जणू ती कमाई माझीच होती. मी नकाशाची गुंडाळी करत होते आणि माझे कान तापले होते. कारण तो फिका रंग कसा आला, हे त्या विहारात फक्त मला माहीत होतं. मी ते तिथे बोलले नाही. साहेब शेजारी उभे होते, आणि जिभेवर जे आलं होतं त्याला पुरावा नव्हता.

टाळ्या न वाजवणारी एकच बाई पुढच्या रांगेत होती. सभा सुटल्यावर ती माझ्याजवळ आली. शोभा. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मसाला मार्केटमध्ये मिरच्यांचे देठ खुडायला जायची. बोटं लाल झालेली.

"ताई, आमचे मालक ह्याच्यात धरलेत का?"

"नाही," मी म्हटलं. "ते परभणीत धरलेत."

"परभणीत?" ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "जलमभर माल हितं चढवला, आन मोजायला परभणीत? मंग आमच्या मागच्या खोलीतली भाबी? आन चक्कीवाल्याचा भाऊ?"

मी नकारार्थी मान हलवली. ती विहाराच्या पायरीवर बसली. माझी वाट बघत साहेबांची गाडी हॉर्न देत होती. शोभाने विचारलं, "म्हंजे मी तवा खोटं बोलले, म्हनून आता गाडी येत नाई?"

त्या क्षणी मी खाली बसून, तिचा हात धरून सांगायला हवं होतं की बाई, तुझं खोटं मला तेव्हाच दिसलं होतं, आणि ज्यांना दिसतं त्यांनी काहीतरी करायचं असतं. पण मी म्हटलं, "तसं नाही गं, नियमच तसा आहे." आणि साहेबांच्या गाडीत जाऊन बसले.

नंतर मी कार्यालयात बोलले, नाही असं नाही. या वस्त्यांमध्ये घरोघर पडताळणी करू, असं लिहूनही दिलं. परवानगी मिळाली, पण माणूस मिळाला नाही, म्हणजे जायचं मीच. गेले. दारं लागली. "आमी हितं नसतोच, पाव्हनं हाव," असं चुलीवर भाकरी थापता थापता मला सांगणाऱ्या बायका भेटल्या. शोभा माझ्याबरोबर फिरायची, घसा फोडून सांगायची, "अगं, खरं सांगा, तुर्भे सांगा, त्याबिगर गाडी येत नाई." एकीने तिला सरळ विचारलं, "आन विलाज बंद पडला तर तू देनार का?" त्यावर शोभा पुढच्या दाराकडे वळली. मीही.

मी निवृत्त झाले तोवर गाडी तुर्भ्याला आली नव्हती.

शोभाचा फोन मात्र येत राहिला. आंबेडकर जयंतीला घरी बोलवायची, खीर खायला लावायची. या वर्षी गेले तर स्वतः मात्र खीरच घेऊन बसली. मी म्हटलं, "पुरी घे की." म्हणाली, "तोंड उघडत नाई नीट. मिरचीच्या ठसक्यानं झालं असंल." मी तिला दारापाशी उजेडात नेलं आणि तोंड उघडायला लावलं. मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत इतके कागद वाचले की गालाच्या आतला तो पांढरा चट्टा मला वाचता आला. गाडी वेळेत आली असती तर तो एखाद्या नर्सने टॉर्च मारून आधीच बघितला असता. हे मी तिला बोलले नाही. तिला ते कळत होतं.

तुकडा काढून तपासला. जे व्हायला नको तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, हातात आहे अजून, पण उशीर नको. आम्ही दोघी योजनेच्या खिडकीपाशी गेलो. मागे ही लांबलचक रांग. शोभाने कार्ड सरकवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कार्ड गावचं हाय. पन राहायला तुर्भ्याला. तसंच लिवा, राहणार तुर्भे."

खिडकीतला मुलगा वैतागलेला, पण उर्मट नव्हता. "मावशी, मग इथल्या पत्त्याचा पुरावा द्या. नाहीतर फाइल क्वेरीत जाईल, अडकून पडेल."

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते वरून ठरतं, मॅडम. माझ्या हातात नाही."

शोभाच्या भाड्याच्या खोलीचा करार नाही, वीजबिल मालकाच्या नावावर. पुरावा कुठून आणायचा? तरी ती हटेना. "तुमी सांगा त्याला, ताई. तुमी त्याच खात्यातल्या ना? सांगा की वर्षभर जिथं राहतं तिथलं लिवायचं असतंय." रांगेतले लोक चुळबुळायला लागले. मी ज्या वाक्यासाठी उभा जन्म दारोदार हिंडले, ते वाक्य ही बाई माझ्यासमोर, माझ्या बाजूने बोलत होती. आणि मी तिचं कोपर धरून तिच्या कानात म्हटलं, "शोभा, गावचाच पत्ता राहू दे."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हनताय?"

"मी म्हणते. आधी उपचार सुरू होऊ देत."

 मग खिडकीकडे तोंड करून तिने हळूच गावाचं नाव सांगितलं.

तिथपर्यंत तरी मी स्वतःची समजूत घालू शकत होते. खिडकी वेगळी, नोंदणी वेगळी. खिडकीवर गावचा पत्ता दिला म्हणून काय झालं? आमच्या खात्याचा फोन येईल तेव्हा शोभा खरं सांगेल, आणि तुर्भ्याच्या खात्यात एक तरी माणूस जमा होईल. मी तिला तसं बजावूनही ठेवलं होतं.

तो फोन आला तेव्हा मी तिच्याच खोलीत होते. रेडिएशनचे शेक चालू होते, तोंड आतून सोललेलं, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तिने स्पीकर लावला. पलीकडचा आवाज मी ओळखला. मीच शिकवून तयार केलेली मुलगी. गोड बोलत होती. "काकू, गेल्या एक वर्षापासून तुम्ही कुठे राहताय? आणि घाबरू नका हं, आमची नोंद योजनेच्या खिडकीवर जात नाही. खरं सांगितलं तरी काही होणार नाही."

शब्द न शब्द माझा. आणि ते शंभर टक्के खरं आहे, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

शोभाने तोंडाकडे बोट दाखवलं, बोलवत नाही अशी खूण केली आणि फोन माझ्या हातात दिला. समोर तिची फाइल पडली होती. अजून निम्मे शेक बाकी होते. न जाणो. कुठे काही जुळवाजुळव झाली तर? एखाद्या शहाण्याने दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर?  मी आवाज जरा घोगरा केला आणि म्हटलं, "त्यांना बोलता येत नाही. मी त्यांची बहीण. आम्ही गावाकडंच राहतो, परभणीला."

"थँक यू, मावशी. काळजी घ्या," असं म्हणून मुलीने फोन ठेवला. तिने मला ओळखलं नाही. कार्ड आणि उत्तर जुळलं होतं, आता ती घरी येणार नव्हती.

मी फोन खाली ठेवला. शोभाकडे बघायची हिंमत होईना. ती उशीला टेकून बसली होती, आणि तोंड दुखत असतानाही तिने शब्द जुळवले. "आता तुमी आमच्यातल्या झाल्या, ताई."

हे ती मायेने म्हणाली, माझ्या हातावर हात ठेवून. टोमणा मारला असता तर मी तो सहज सोसला असता.